केशरबाईंच्या रडण्याची पट्टी

भंडारा,
कोजागिरी झाल्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप भैयाजीमामा यांना निकेशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

(आपल्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं, तेव्हा रिवाजानं पाहिलं तर हा नमस्कार उलटा चालला आहे, हे मला कळतं. पण पेटी तुम्ही शिकवली म्हणून तुम्ही गुरू, आणि मी गाव सोडलं म्हणून तुम्ही रागावलेले. रागावलेल्या गुरूकडून पाया पडून घ्यावं इतका मी अजून शहरी झालो नाही.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? धान लोंबीवर आला असेल. बोडीत पाणी पुरेसं आहे ना, आणि तुडतुड्यानं यंदा आपलं बांधाकडचं वावर सोडलं की नाही, हे सगळं मी फोनवरच विचारलं असतं. पण माझा फोन तुम्ही उचलत नाही, आणि सत्यभामामामींनी उचलला की तुम्ही मागून जोरात खोकता. म्हणून पत्र लिहितो. पत्र फाडायचं असलं तरी माणूस आधी दोन ओळी वाचतोच, एवढ्या भरवशावर लिहायला बसलो आहे.

बाबांची अट तुमच्यासमोरच ठरली होती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत मी पेटीवर पोट भरून दाखवायचं, नाही तर तुमसरला डिंपलताईच्या घरी, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, आपल्या भाटव्यांच्या, राईस मिलमध्ये, पोत्यांवर नंबर टाकायला बसायचं. त्या बैठकीत बाबा जे बोलले ते मी विसरलो. तुम्ही सुपारी कातरत मान वर न करता बोललात ते विसरलो नाही. "साथ करणारा माणूस एकटा शहरात जाऊन करन काय?" असं तुम्ही म्हणालात. मला फार राग आला. त्याच रागात पेटी उचलली आणि भंडाऱ्याची एसटी धरली. (पेटीचं वेगळं तिकीट पडेल असं कंडक्टर म्हणाला. मी ती मांडीवर घेतली, तर मागच्या सीटवरच्या बाईनं एक भजन म्हणायची फर्माइश केली. हा शुभशकुन आहे अशी माझी समजूत झाली. माझ्या बऱ्याच समजुती त्या काळातल्या आहेत.)

पहिलं काम मिळालं कैलाशभाऊच्या, वरातीपुढे वाजवणाऱ्या धुमाल पार्टीत. धुमाल तुम्हाला आवडत नाही, मलाही आवडत नव्हतं, पण लग्नसराई होती आणि त्यांचा कॅसिओवाला सासुरवाडीला जाऊन बसला होता. गाडीवर भोंगे, भोंग्यांच्या मधात आम्ही, आणि समोर नाचणारी वरात. मी सवयीनं मांडी घालून बसलो. कैलाशभाऊ म्हणाले, "अबे, पंगतीले बसला का? उभा राय." उभा राहिलो. बोटं बरी चालत होती. अडचण दुसरीच होती. मामा, आपल्या भजन मंडळात तुम्ही गाताना डावा हात वर केला की ध्रुपद पुन्हा घ्यायचं आणि हात खाली आला की संपवायचं. इतकी वर्षं मी डोळ्यांनी तुमचा हात पाहतो आणि बोटांनी वाजवतो. आता गाडीवर गाणारा कोणीच नाही, तर मी पाहू कोणाकडे? समोर नवरदेवाचे फुफाजी नाचत होते, मजबूत बांध्याचे, आणि त्यांना डावा हात वर करून नाचायची खोड होती. त्यांनी हात वर केला की मी गाणं पहिल्यापासून घ्यायचो. गाणं पहिल्यापासून आलं की फुफाजींना नवा जोर यायचा, आणि ते पुन्हा हात वर करायचे.

वरात मारुतीच्या देवळापासून निघाली ती पितळी भांड्यांच्या दुकानासमोर येऊन जी थांबली, ती थांबलीच. आतली भांडी थरथरत होती. दुकानदारानं आधी हसून पाहिलं, मग शटर अर्धं ओढलं, मग पूर्ण. मुहूर्त टळून गेला. मुलीकडचे दोघे मोटरसायकलवर आले आणि विचारू लागले की नवरदेवाचा विचार बदलला का. कैलाशभाऊ खालून ओरडत होते, "बंद कर, बंद कायले नाही करत?" पण मामा, फुफाजींचा हात वर असताना मी बंद कसं करणार? शेवटी त्यांच्या पायात गोळा आला, ते खाली बसले, हात खाली आला आणि मी लगेच नेमकं समेवर संपवलं. ही सम कोणाच्याही लक्षात आली नाही. दुसऱ्या दिवशी कॅसिओवाला सासुरवाडीहून परत आला.

नंतर शाळा सुरू झाल्यावर धनंजय सरांच्या संगीत वर्गात लागलो. सर भले माणूस. माझ्याजवळ कुठल्या परीक्षेचा कागद नाही म्हणून त्यांनी मला शिक्षक न म्हणता 'साथीला' म्हणून ठेवलं, आणि मला तेच पाहिजे होतं. पोरं गायची, मी वाजवायचो. पोरगं काळी एकमध्ये सुरू करून पांढरी तीनमध्ये पोचलं तर मीही त्याच्यामागे पोचायचो. ते मधातच दुसऱ्या गाण्यात शिरलं तर मी त्या गाण्याच्या दारात आधीच उभा. गवयाला उघडं पाडायचं नाही, असं तुम्हीच शिकवलं ना? थोड्याच दिवसांत वर्गातली सगळी पोरं सुरात गाऊ लागली. पालक खुश, सर चकित. (एका आईनं माझ्या हातात पेढा ठेवून, मुलाला कुठल्या मोठ्या स्पर्धेला पाठवावं, हे मला विचारलं. मी स्पर्धांची नावं सांगितली. मला एकही माहीत नव्हती.)

मग पंधरा ऑगस्ट आला. कार्यक्रमाला माझी पेटी नव्हती, तयार ट्रॅक लावला होता. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही आणि कोणाच्या मागेही जात नाही. ट्रॅक आपल्या रस्त्यानं गेला आणि पोरं चार दिशांना गेली. प्रमुख पाहुणे देशभक्तीनं उभे राहिले होते, त्यांना बसावं की उभं राहावं ते कळेना. सरांनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "निकेश, तू चांगला वाजवतो. पण तू पोरांले बिघडवून राहिला." मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं.

त्यानंतर बरेच दिवस रिकामा बसलो. घरमालकीण बाईंना सकाळी पेटीचा आवाज चालतो, दुपारी चालत नाही. म्हणून दुपारी मी वैनगंगेच्या पुलाकडे जाऊन मासे धरणाऱ्यांकडे पाहत बसायचो. डिंपलताईचा फोन यायचा. भाटवे वाईट नाहीत, ते फक्त एवढंच विचारायचे की पोत्यांवरचे नंबर मराठीत टाकशील की इंग्रजीत. मला रात्री भूक लागायची नाही. हे तुम्ही आईला सांगू नका.

आता ज्यासाठी हे लांबण लावलं ते सांगतो. मागच्या पंधरवड्यात इथल्या एका भजन मंडळाचा पेटीवाला बाहेरगावी गेला, म्हणून त्यांनी मला एका तेरवीला बदली नेलं. धनीरामभाऊ म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांचं लग्नकार्याचं सभागृह आहे. त्यांचे वडील वारले होते. भजन झालं, मंडळी चहाला उठली, मी एकटा पेटीजवळ होतो. तेवढ्यात आतून त्यांची आई, केशरबाई, बाहेर आली, फोटोसमोर बसली आणि तिनं हेल काढला. "काहून गेले जी मले टाकून... मोटारीची चाबी कुठी ठेवली, तेही नाही सांगून गेले जी..."

मामा, मी काही ठरवून केलं नाही. हेल काळी चारमध्ये होता, स्वच्छ, आणि तुमच्यापेक्षाही पक्का (रागावू नका). बोटं आपोआप गेली. तिनं 'जी' लांबवला तिथे मी सूर धरून ठेवला. तिनं श्वास घेतला तिथे मी भरलं. चार सूर वाजल्यावर आपण काय करून राहिलो ते मला कळलं आणि अंगाला घाम फुटला. पण गाणारा मधात असताना पेटी सोडायची कशी? बायकांनी पदर तोंडाला लावले. चहाचे कप हातात तसेच राहिले. आणि केशरबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि दुसरं कडवं घेतलं.

त्यात त्यांनी नवऱ्याचा सगळा संसार गायला. जन्मभर भाजीला एकदा बरी म्हणाले नाहीत. रोवणीच्या दिवसांतच त्यांचं डोकं दुखायचं. बहिणीला लुगडं घेताना हात सैल, बायकोला घेताना दुकान बंद व्हायची वेळ. ऐकता ऐकता एक बाई फिसकन हसली, मग दुसरी हसली, आणि मग सगळ्याच अशा रडल्या की मलाही पुढच्या पट्ट्या दिसेनात. केशरबाईंनी शेवटचा 'जी' हळूहळू खाली आणला, मी त्यांच्याबरोबर खाली आलो, आणि आम्ही दोघं एकदमच थांबलो.

धनीरामभाऊ माझ्याकडे येताना दिसले तेव्हा मी पेटीचं झाकण लावून घेतलं. मार पडला तर निदान माझ्यावरच पडावा, पेटीवर नको. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "बाबा गेले तवापासून आई एक शब्द नव्हती बोलली. डॉक्टरले दाखवून झालं." आणि केशरबाई मला म्हणाल्या, "तू कोनाचा रे बाबू? तू मले मधात नाही सोडलं." मी तुमचं नाव सांगितलं. बाबांचं सांगायला पाहिजे होतं, पण तोंडातून तुमचं निघालं.

तर मामा, काम मिळालं आहे. धनीरामभाऊंच्या सभागृहात दर एकादशीला भजन, शिवाय बारसं, सत्यनारायण, तेरवी, जे असेल ते. येत्या एकादशीपासून सुरुवात आहे. बाबांना कळवा की मुलगा मंडईच्या आधी मार्गी लागला. मी आनंदात आहे, जेवण व्यवस्थित आहे, मला कशाचीही गरज नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मामींना तुमच्यापेक्षा जास्त नमस्कार, कारण त्या फोन उचलतात.

तुमचा भाचा,
निकेश

ता. क. मामींना म्हणावं, जमलं तर थोडी लाखोळीची डाळ पाठवा. घरमालकीण बाईंना दुपारच्या पेटीसाठी राजी करायचं आहे.

ता. क. (दुसरं) वर लिहिलं त्यात एक गोष्ट राहिली. धनीरामभाऊंनी काम मला दिलेलं नाही, माझ्या मंडळाला दिलं आहे. "तुमचं मंडळ कोणतं?" असं त्यांनी विचारलं, आणि हातातलं काम जाईल या भीतीनं मी 'भैयाजी भजन मंडळ' असं सांगून बसलो. तबलेवाला इथलाच एक तयार झाला आहे. टाळवाले सभागृहातच भेटतात. गाणारा तेवढा नाही.

ता. क. (हे शेवटचं) मामी फोनवर हळूच सांगत होत्या की मी गेल्यापासून तुम्ही देवळात जाता, बसता आणि न गाता घरी येता, आणि घसा बसला म्हणता. मामा, तुमचा घसा मला ठाऊक आहे, तो बसणाऱ्यातला नाही. आणि माझं म्हणाल, तर तुम्ही सुपारी कातरताना बोललात ते खरं निघालं. मला पुढं चालता येत नाही, मागं येता येतं. केशरबाई रडल्या म्हणून माझी पेटी वाजली. पण दर एकादशीला मी कोणाला रडवू? मला तुम्ही पाहिजे. एकादशीच्या सकाळी आपली पवनीकडची पहिली एसटी जिथे लागते तिथे मी पेटी घेऊन उभा राहीन. तुम्ही उतरलात तर एका बाजूनं तुम्ही धरा, एका बाजूनं मी धरतो. नाही उतरलात तर बाजूच्याच फलाटावर तुमसरची गाडी लागते, आणि मिलमध्ये पेटी ठेवायला कोरडी जागा आहे असं भाटव्यांनी कळवलं आहे.