अंगठ्याची खाच

१२ जून

प्रिय दादा,

सा. न.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आपली भुणभुण आता मोठी साहेबीण झाली, असं म्हणत असशील. म्हण. वहिनीचे गुडघे कसे आहेत? इथे ह्यांना सर्दी, मी ठणठणीत.

छापखान्यात नवीन यंत्र आलं, दोन कागद चिकटून आत शिरले की आपोआप थांबतं, असं तू लिहिलंस. चोवीस वर्षं तिथे डोळ्यांत तेल घालून उभ्या राहिलेल्या तुला आता गोदामात गठ्ठे बांधायला बसवलंय. यंत्रावर आमच्या कंपनीचं नाव. 'कोणाच्या डोक्यातून निघालं, विचार ना जरा,' असं शेवटी लिहिलंस.

विचारायला कशाला हवं? मला माहीत आहे.

आमच्याकडे गाड्यांचे पत्रे दाबतात. दोन पत्रे एकदम गेले की साचा फुटायचा, कारखाना दोन-दोन दिवस ठप्प. मला छापखान्यातल्या जुन्या यंत्रावर तू बसवलेली पट्टी आठवली. करवतीचं जुनं पातं घासून केलेली. जाड लागलं की उचलली जायची, घंटी वाजायची. तुझा डबा घेऊन आले होते, तेव्हा तूच कौतुकानं दाखवलीस. घंटीच्या जागी मी यंत्र थांबवणारं बटण जोडलं, तेवढीच माझी भर. काम दीडपट निघू लागलं, माझा सत्कार झाला. "कसं सुचलं?" साहेबांनी विचारलं.

"सहज," मी म्हटलं. जीभ कशी रेटली कोण जाणे.

मग कंपनीनं ती पट्टी काचवाल्यांना विकली, पुठ्ठेवाल्यांना विकली, आणि फिरत फिरत ती तुझ्याच दारात आली. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण म्हणून माझं पाप हलकं होत नाही.

पट्टीच्या कडेला खाच आहे. यंत्रात सापडून वाकडा झालेला तुझा अंगठा टेकायला तू घासलेली. मी ती पट्टीच्या नकाशात तशीच उतरवली. कशासाठी आहे ते इथे कोणालाच ठाऊक नाही, तरी प्रत्येक पट्टीला पाडतात. तू यंत्र उघडून पाहिलं असशील. म्हणूनच विचारलंस ना?

काल साहेबांना खरं सांगितलं. नकाशावरचं माझं नाव खोडून तुझं घातलं. "बघू," म्हणाले. नाही बघितलं तर पुन्हा जाईन. तुझी जागा परत मिळेल, असं मात्र मला म्हणवत नाही.

एक पट्टी समोर ठेवली आहे. खाचेत अंगठा लावून पाहते. माझा बसत नाही.

माफी मागत नाही, दादा. तू लगेच देशील.

तुझी,
भुणभुण