मी आणि पिसवा

६ एप्रिल, रविवार
आमच्या लेकीने, उन्नतीने, मीटर रूममधून मांजराची तीन पिल्लं घरात आणली. त्यांची आई दोन दिवस दिसलेली नाही म्हणे. मी तत्त्वतः विरोध केला. बायकोने, स्वप्नाने, पिल्लांसाठी खोका शोधायला घेतला, म्हणजे मतदान झालं.
नावं ठेवली: जिरं, मिरी, ओवा. एकेक मुठीएवढं.
अर्ध्या तासात माझ्या पायाला खाज. कारण मीच शोधलं: पिसवा. घरातल्या बाकी दोघींच्या लक्षातही आलं नव्हतं. (उन्नती म्हणते तिने आणतानाच सांगितलं होतं. मी तेव्हा मॅच बघत होतो.)
जबाबदारी माझ्याकडे घेतली. बावीस वर्षं औषधाच्या लाईनमध्ये आहे. सातिवलीच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघत असलो म्हणून काय झालं, खोक्यांवरचं शेवटी मीच वाचतो ना?
संकल्प: मंगळवार संध्याकाळपर्यंत घर पिसवामुक्त.

७ एप्रिल, सोमवार, सकाळी ७
कडुनिंबाचं तेल आणि कापूर एकत्र केला. वास उत्तम. उन्नतीने बाटली काढून घेतली. महिन्याच्या पिल्लांना हे चालत नाही, ती अंग चाटतात आणि पोटात जातं, असं तिचं म्हणणं. नेटवर वाचलं असणार. आजकाल सगळेच डॉक्टर.

संध्याकाळी ७
तिची पद्धत पाहिली. उवांची बारीक फणी, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. फणी फिरवायची, पिसू सापडली की वाटीत बुडवायची. मग पुन्हा. तासाभरात एकेचाळीस. मी म्हटलं, या वेगाने दिवाळी येईल. ती म्हणाली, आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना एवढंच करतात, उद्या कॉलेजनंतर डॉक्टरांनाही दाखवू.
तिळाएवढ्या प्राण्यासाठी डॉक्टर. हसलो.

८ एप्रिल, मंगळवार, दुपारी ३
हाफ डे घेतला. गोडाऊनमधल्या टेम्पोवाल्या विकीने त्याच्या कुत्र्याचे ड्रॉप्स दिले. मानेवर लावले की पिसवा साफ. विकीचा कुत्रा वासराएवढा आहे आणि ठणठणीत आहे.
खोका नीट वाचला. वजन दहा ते वीस किलो. पिल्लू चारशे ग्रॅम. त्रैराशिक मांडलं. उत्तर थेंबापेक्षा कमी आलं. थेंबापेक्षा कमी थेंब पाडता येत नाही, म्हणून एक.
खोक्यावर मांजराच्या चित्रावर लाल फुली आहे. औषध लावताना मांजर जवळ नसावं, कुत्रा बिथरतो, असा अर्थ असावा.
घाई नको म्हणून फक्त ओव्यावर ट्रायल. याला म्हणतात शास्त्रीय दृष्टी. दुसरा थेंब आपोआप पडला.

दुपारी ४.१५
परिणाम सुरू. ओव्याचे कान थरथरतायत. पिसवा मरताना तडफडत असणार, त्याचीच हालचाल. तोंडाला लाळ आली आहे, म्हणजे भूक लागली.

दुपारी ४.३०
ओवा उभा राहत नाही. दुधाची बशी पुढे सरकवली. बघितलंही नाही.
उन्नतीचं कॉलेज साडेचारला सुटतं.

९ एप्रिल, बुधवार
काल पुढचं लिहायचं राहिलं.
उन्नती आली, ओव्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे. ओरडली नाही. डॉ. रोवेना लोपीस म्हणून कोणी आहेत, नंदाखाल गावच्या, विरारला प्राण्यांचा दवाखाना आहे. त्यांना फोन लावला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून मान धुतली, कोरडं केलं, टॉवेलात गुंडाळलं. टॉवेल मी आणून दिला. औषधाचा खोका घेऊन यायचं हेही मीच लक्षात ठेवलं असतं, पण तिने आधीच घेतला होता.
रिक्षात तिच्या मांडीवर ते पिल्लू सारखं आचके देत होतं. एवढुसं शरीर. आमच्या मनवेलपाड्यातून बाहेर पडायला इतका वेळ लागतो हे कधी जाणवलं नव्हतं.
डॉक्टरांनी खोक्यावरच्या लाल फुलीवर बोट ठेवलं. "कुत्र्याला औषध, मांजराला विष," एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, कोणी लावलं.
मी म्हटलं, "घरात कोणीतरी."
उन्नतीने माझ्याकडे पाहिलं.
ओव्याला ठेवून घेतलं. सलाईन, इंजेक्शन, खाली गरम पाण्याची पिशवी. बाकी दोन पिल्लांना आज सकाळी दाखवलं. हिरड्या पांढऱ्या पडल्यात, पिसवांनी रक्त पिऊन. एवढ्या लहान जिवात रक्त असतं तरी किती, असं डॉक्टर म्हणाल्या. फणी रोज, अंघोळ अगदीच गरज पडली तर, लगेच वाळवायचं, उबेत ठेवायचं. उन्नती हेच म्हणत होती. योगायोग.

११ एप्रिल, शुक्रवार
ओवा वाचला. आज स्वतःहून खाल्लं. तीनच थेंब पडले होते (मी दोन लिहिलं होतं, तिसरा आज आठवला), तेव्हा माझा संयम कामी आला असं म्हणायला जागा आहे. स्वप्नाला तसं म्हटलं. ती उठून आत गेली.
उन्नती गेले तीन दिवस माझ्याशी स्वप्नामार्फत बोलते. निरोप असे येतात: बाबांनी पिल्लांना हात लावायचा नाही. बाबांनी खोलीत जायचं नाही. पिसवांची अंडी अंथरुणात असतात, म्हणून सगळ्या चादरी बाबांनी गरम पाण्यात धुवायच्या.
बेडिंग विभाग माझ्याकडे आला. विभाग महत्त्वाचा आहे.

१५ एप्रिल, मंगळवार
चौदा चादरी, सहा पांघरुणं, एक पायपुसणं. पाठ गेली. आज फणीत फक्त दोन पिसवा निघाल्या. श्रेय कोणाचं हे घरात कोणी उघड बोलत नाही. मीही विषय काढला नाही. दारातून बघितलं. ओवा तिच्या ओढणीत झोपला होता. मला बघून उठला आणि कपाटाखाली गेला. त्याची नजर तपासायला हवी.

२७ एप्रिल, रविवार
सोसायटीच्या पार्किंगमध्ये डॉ. रोवेनांनी मुलांसाठी तासभर कार्यक्रम घेतला. उन्नतीने ठरवलेला. पुढे डॉक्टरांच्या शेजारी, मुलांकडे तोंड करून खुर्ची धरली. वेळ पडली तर औषधांविषयी दोन शब्द बोलायची तयारी होती, कागदही खिशात होता.
डॉक्टरांनी फणी दाखवली, वाटी दाखवली. मग म्हणाल्या, नेट वाचून चुका करणारे असतात, पण काही माणसं वाचतच नाहीत, वर इतरांना शिकवतात, आणि अशा माणसाच्या हाती पिल्लू मरता मरता वाचलेलं आहे. नाव घेतलं नाही. सुशिक्षित बाई.
मुलं, त्यांच्या आया, सेक्रेटरी, वॉचमन, सगळे एकदम माझ्या दिशेने बघायला लागले.
कोण आहे तो मूर्ख, म्हणून मीही मागे वळून पाहिलं.
मागे भिंत होती.