पारव्याच्या गळ्याचा रंग

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६
डोंबिवली

साठेमास्तरांचा चांदीचा रुपया शुक्रवारी भाच्याबरोबर अमेरिकेला चाललाय. तिथे नाणी तपासतात, दर्जा देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. मास्तरांना नुसता दर्जा नकोय, रंगाबद्दल खास शेरा हवाय. रंग आहेच तसा, पारव्याच्या गळ्यासारखा. "चाळीस वर्षं कापडात होता, त्याने चढलाय," असं पत्र त्यांनी लिहून ठेवलेलं. साक्षीदार म्हणून मी सही केली.

निघताना मोरीपाशी पायाखाली काहीतरी करकरलं. अंड्याचं कवच! मास्तर लगेच म्हणाले, "कावळे हो, काय काय आणून टाकतात!" मी विचारलंच नव्हतं.

त्या घरात सात पिढ्यांत अंडं शिजलं नसेल.

दसऱ्याला वागळे इस्टेटला माझ्या प्लेटिंगच्या शेडवर पूजेला आलेले, तेव्हा विचारत होते, "काय हो शेठ, चांदीवर रंग कशाने चढतो?" मी म्हटलं, "डबीत नाण्याशेजारी उकडलेलं अंडं ठेवा मास्तर, त्यातल्या गंधकाने सकाळी चांदीवर मोर नाचेल!" सगळे हसले. मास्तर हसले नव्हते, ते आत्ता आठवतंय.

तिकडे लबाडी ओळखली तर सहीने मीही बुडालो. पण कान त्या करकरीवरून हलत नाहीत, ते वेगळ्याच कारणाने. माझ्या आईचा चांदीचा रुपया आठवड्यापासून त्यांच्याकडे आहे, 'नुसता बघायला'. आज परत मागितला तर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "राहू द्या की अजून चार दिवस. खुलेल."

खुलेल?