प्रकाशाची वही

सोमवार, ३ जून २०२४, सकाळी ९.२०. सूक्ष्मदर्शकाचं टेबल पुसत होतो. प्रयोगशाळेच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, आजपासून ही खोली तुझी. बारावी नापास माणसाला गार हवेची खोली आणि स्वतःची किल्ली! इथे जिवंत पेशी लेझरने उजळवून थराथराने फोटो काढतात. मग ती पेशी पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येते, केसाच्या हजाराव्या भागाइतकं बारीक. बाईंचा नियम एकच : कुठल्या नमुन्याला किती प्रकाश दिला ते वहीत लिहायचं. जिवंत पेशी उजेडानेही भाजते.

गुरुवार, ६ जून. निरोगी माणसाच्या कातडीचा कण हवा होता. ताईने कोपराजवळचा दिला. आई गेल्यापासून शिवणकाम करून तिनेच मला वाढवलं. म्हणाली, माझ्यासाठी आपल्या कातड्याचे जोडे करणार होतास, निघालास माझंच कातडं घेऊन!

सोमवार, १ जुलै. ताईच्या पेशी छान वाढल्या. नमुना १७. पाच टक्के लेझरवर चित्र धूसर येतं. शुक्रवारी पाहुणे येणार. बाई जेवायला गेल्यावर, दीड वाजता, मी चाळीस टक्के केले. वहीत पाच लिहिले. चित्र बघून बाईंनी पाठ थोपटली.

मंगळवार, २ जुलै. ताईच्या कोपरावर लाल चट्टा. काल शिवताना एकदम निळा उजेड दिसला म्हणे. किती वाजता, विचारलं. दीड.

बुधवार, ३ जुलै. योगायोगच. खात्रीसाठी पुन्हा चाळीस, फक्त दहा सेकंद. घरी आलो तर ताईच्या दंडापर्यंत फोड. उलट माझ्याच कपाळाला हात लावून म्हणाली, असा पांढराफटक का पडलायस?

गुरुवार, ४ जुलै. बाईंना सांगणार होतो. त्याच आधी म्हणाल्या, वहीप्रमाणे हा नमुना अजून पुष्कळ सोसेल. उद्या पाहुण्यांसाठी वीस टक्के, सहा तास सलग. मी मान हलवली. नोकरी —

शुक्रवार, ५ जुलै, ११.००. सुरू झालं. पडद्यावर पेशी हळूहळू वळतायत. सगळ्या एकीकडेच. माझ्याकडे.

११.२०. ताईचा फोन. डोळे मिटले तरी निळं. वरून कुणीतरी वाकून बघतंय. म्हणाली, तुझ्यासारखाच दिसतो रे.

११.४०. बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वही पुढे केली. तुझंच अक्षर, एक वेलांटी चुकलेली नाही, म्हणाल्या. किल्ली काढून घेतली, मला बाहेर काढलं. दार आतून बंद.

१२.०५. ताई फोन उचलत नाही. दार ठोठावतोय —

नमुना १७, खरा हिशेब. १ जुलै : चाळीस टक्के, नव्वद सेकंद. ३ जुलै : चाळीस टक्के, दहा सेकंद. आज : वीस टक्के, पासष्ट मिनिटं. बाकी : चार तास पंचावन्न मिनिटं.