माहीत नाही म्हटलं म्हणून

डिचोली, गुरुवार संध्याकाळ

चहा झाला, तरी डोकं तापलेलंच आहे.

आज नववीला घर्षण शिकवताना कॉम्प्युटरवर सिम्युलेशन लावलं. गाडीचं वजन मुलांनीच वाढवायचं, ब्रेक मारायचा आणि ती कुठे थांबते ते बघायचं. वजन दुप्पट केलं तरी गाडी त्याच जागी थांबली. समीक्षा ताडकन उठली. "टीचर, हे खोटं! माझे पप्पा खाणीवरचो ट्रक चलयतात. भरलेलो ट्रक रिकाम्यासारखो बेगीन थांबना!"

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं: वजन वाढलं की घर्षणही तेवढंच वाढतं, म्हणून गाडी तिथेच थांबते. पण मग खरा भरलेला ट्रक रिकाम्याइतका लवकर का थांबत नाही? मी सरळ म्हटलं, "माहीत नाही. शोधूया." झालं, सगळा वर्ग पडद्याभोवती. कोणी टायर म्हणे, कोणी तापलेला ब्रेक. घंटा झाली तरी कोणी हलेना.

हेडमास्तर नेमके दारात. ऑफिसात बोलावून म्हणाले, "मुलांसमोर माहीत नाही म्हणायचं नसतं, टीचर. नोट्स द्या, पोर्शन संपवा." आणि मी मान डोलावली! का डोलावली? सरांपेक्षा माझ्या त्या मान डोलावण्याचाच जास्त राग येतोय. इतकी वर्षं मी नोट्स दिल्या, एकाही पोरीने उठून 'खोटं' म्हटलं नव्हतं.

उद्या फळ्यावर समीक्षाचा प्रश्न लिहिणार, तिच्या नावासकट. खाली उत्तराच्या जागी मोठ्या अक्षरांत: टीचरला माहीत नाही. सरांना पुसायचं असेल तर खुशाल पुसावं. डस्टर मीच हातात देईन, सगळ्या वर्गासमोर.