धाकटीची पातळ गादी

मी, खाली सही करणारी, वय बत्तीस, धंदा गाद्या शिवण्याचा, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे, छाती नाही. कापसाची धूळ आत बसली आहे, असे डॉक्टर म्हणतात. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे. एवढ्यावरून मृत्युपत्र कशाला, असे माझा थोरला भाऊ, दादा, म्हणतो. पण कडी दोनदा ओढून पाहिल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

१. दुकानामागच्या दोन खोल्यांतला माझा निम्मा हिस्सा माझ्या पतींना आणि त्यांच्यामागे माझ्या दोन्ही मुलींना सारखा मिळावा. थोरली चार वर्षांपूर्वी अनाथालयातून दत्तक आणली. धाकटी अजून तिथेच आहे. आमचा अर्ज गेला आहे, हुकूम निघालेला नाही. तोवर तिला 'त्रयस्थ व्यक्ती' असेच लिहावे लागेल, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून लिहिते: माझी धाकटी मुलगी, कायद्याने तूर्त त्रयस्थ.

२. या अर्जावरून घरात बरेच बोलणे झाले, त्याचा खुलासा इथेच करते. दादा म्हणाला होता, "एकीला वाढवताना तोंडाला फेस आलाय. अंथरूण पाहून पाय पसरावेत गं, आणि तू तर अंथरूणच शिवतेस." मी म्हटले, "शिवणाऱ्याला ते वाढवता येतं." उत्तर तोंडावर दिले खरे, पण मनात धाकधूक होती. ही श्रद्धा की नुसता हट्ट, हे मला कळत नव्हते. देवाला रोज विचारले.

मग अनाथालयातल्या आजारी मुलांच्या खोलीतल्या गाद्या उसवून भरायचे काम आले. थोरलीला बरोबर नेले. तिथे भिंतीशी एक मुलगी बसली होती, कोणाशी न बोलणारी. थोरली तिच्याजवळ जाऊन बसली आणि उठेना. आमच्या घरात ती 'तुमचं ताट', 'तुमचं दार' असेच म्हणत आली होती. आम्ही कधी टोकले नाही. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "आई, आपण तिला कधी आणायचं?"

ते 'आपण' मी उत्तर समजले. अर्ज केला. धाकटीला सांगितलेही, की आम्ही न्यायला येऊ. छातीचे निदान त्यानंतर झाले.

आई होऊन लगेच मरणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा टाकणेच की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पतींनी हे एकदाच विचारले, मग खिडकीखालचा कोपरा मोकळा करून ठेवला. अर्ज मी मागे घेतलेला नाही.

३. कात्री, दाभण आणि बोटात घालायचा अंगुस्ताना थोरलीला, तिला हवे असतील तरच. तोंडाला फडके बांधल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही, ही अट.

४. माझी जाड गादी सासूबाईंना. 'परक्यांची पोरं' हे त्यांचे शब्द मी विसरलेली नाही. त्यांची पाठ दुखते, हेही विसरलेली नाही.

५. खिडकीखाली गुंडाळलेली पातळ गादी धाकटीची आहे. ती कोणी पुन्हा भरू नये. थोरली आली तेव्हा मी हौसेने चांगला कापूस ठासून गादी केली होती, आणि गादीवालीच्या घरातले पोर फरशीवर झोपले. तिला आम्ही नकोसे आहोत, असे समजून मी रडत बसले. बऱ्याच दिवसांनी ती म्हणाली, "त्यात बुडायला होतं." तिथे त्यांना सतरंजीची सवय. गादी उसवून निम्मा कापूस काढला, तेव्हा झोपली. म्हणून धाकटीची मी आधीच पातळ शिवली.

६. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून दादाला नेमते. त्यानेच मला कापडावर आखायच्या खडूने अक्षरे शिकवली, म्हणून माझे लिहिणे त्याला वाचावे लागेल. अर्ज मागे घेऊ नये असे इथे लिहिता येईल का, म्हणून वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मृत्युपत्रानं वस्तू देता येतात, बाई. माणसं नाहीत."

म्हणून वस्तूच देते. पातळ गादी दादाने स्वतः खांद्यावरून अनाथालयात न्यावी, हातगाडीवाल्याकडे देऊ नये. स्वतःच्या हाताने अंथरावी. धाकटी तिच्यावर बसेपर्यंत थांबावे, आणि ही कोणत्या घरातून आली ते तिला सांगावे. अर्जाचे काय करायचे, हे त्याने आणि माझ्या पतींनी त्यानंतर ठरवावे. आधी नाही.

वरील मजकूर वाचून, माझाच आहे याची खात्री करून सही करते.

साक्षीदार, माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करणारे:
शेजारच्या दवाखान्यातील परिचारिका (सही)
समोरचा सायकल दुरुस्तीवाला (सही)

स्थळ: दुकानामागची खोली. तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे ती.

व्यवस्थापकाची संमती, त्याच्याच अक्षरात:
वाचलं. गादी मी एकटा नेणार नाही. तू दवाखान्यातून घरी ये, आपण जाऊ.