कुठल्याही रस्त्यावर थांबणारी गाडी

९ फेब्रुवारी, आर्येप्लोग
पोचलो. तळं टणक गोठलंय. दर हिवाळ्यात अर्धा जर्मनी ब्रेक दाबायला स्वीडनच्या या गावात येतो, पण यंदा खरं काम एकट्या माझ्याकडेच आहे. करकचून ब्रेक दाबला तरी गाडीतल्या एबीएस यंत्रणेने चाक जाम होऊ द्यायचं नाही. माझी सहकारी गुड्रून, तिची जुनी पद्धत आधी रस्ता ओळखत बसते. माझी पद्धत रस्ता विचारतच नाही. बर्फ असो, डांबर असो, चाकाची घसरण ठरल्या रेषेवर धरून ठेवते. कॉम्प्युटरवर एकदाही चुकली नाही. शुक्रवारी गिऱ्हाईक कंपनीचे लोक येतील. ज्याची पद्धत पसंत, तो विभागप्रमुख. हाइकेला फोनवर म्हटलं, नवे पडदे घे. ती म्हणाली, आधी निकाल लागू दे. सख्ख्या बायकोचा विश्वास नाही.

१० फेब्रुवारी
पहिली चाचणी यशस्वी. गाडी थांबली. जरा लांब थांबली. पायाखाली पेडल ड्रिल मशीनसारखं थरथरतं. गाडी चालवणारा स्टूरे म्हणाला, "डिटमार, माझी कवळी हलली." त्याला समजावलं की ब्रेकच्या व्हॉल्व्हची ही भराभर उघडझाप म्हणजेच पद्धतीचा कणखरपणा. तो म्हणाला, बरं, उद्यापासून कवळी खिशात ठेवतो. समजूतदार माणूस.

११ फेब्रुवारी, दुपार
गुड्रून म्हणाली, रेषेऐवजी थोडी रुंद पट्टी ठेव, थरथर कमी होईल. तिला सांगितलं, तडजोड मला जमत नाही.

संध्याकाळ
पट्टी ठेवली. कल्पना माझ्या मनात आधीपासून होतीच. मग अवघड चाचणी: डावी चाकं बर्फावर, उजवी डांबरावर. गाडीने गिरकी घेतली आणि मागच्या बाजूने बर्फाच्या ढिगात शिरली. स्टूरे म्हणाला, इथून तळं छान दिसतं. नोंद: आजचा बर्फ नेहमीसारखा नव्हता.

१२ फेब्रुवारी
जिंकलो! तीच चाचणी, गाडी नाकासमोर सरळ थांबली. पुन्हा घेतली, पुन्हा सरळ. पेडल लोण्यासारखं. सगळ्यांना क्रीम भरलेले सेमला पाव खिलवले. गुड्रूनची समजूत घातली की तुझ्या पद्धतीनेही तिच्या काळात चांगलं काम केलं. ती विचारते, "सकाळी गाडीत तुझा प्रोग्राम टाकला होतास ना?" जळफळाट लपत नाही. मुख्यालयाला आकडे पाठवले. हाइकेला सांगितलं, पडदे घेच.

१३ फेब्रुवारी, सकाळ
गुड्रूनने बाजूला घेतलं. काल सकाळी गाडी तिने नेली होती. तिचाच प्रोग्राम गाडीत राहिला, माझा टाकायचा मी विसरलो. ती म्हणाली, "पाहुणे यायला वेळ आहे. मी कुणाला बोललेले नाही. कुठला ठेवायचा ते तू ठरव." तिचा ठेवला असता तर पाहुण्यांना कळलंही नसतं. माझा टाकला. माणसाला काही तत्त्व असतं. शिवाय माझा चालणारच होता.

दुपार
स्वतः चालवली. दीड गिरकी. पाहुण्यांपैकी फ्राउ ब्रेंडेल मागच्या सीटवर होत्या. कॉफी त्यांच्या कोटावर. ढिगात रुतलेल्या गाडीतून उतरल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "परत जाताना आपण चालत जाऊ या का?" बर्फाबद्दल बोलणार होतो. नाही बोललो.

१४ फेब्रुवारी, विमानतळ
मुख्यालयाचं उत्तर आलं. मी परवा पाठवलेले आकडे उत्तम. ज्या पद्धतीचे ते आकडे, ती पद्धत घेतली. गुड्रून विभागप्रमुख. मी तिच्या हाताखाली, कॉम्प्युटरवरच्या चाचण्या बघायच्या. अभिनंदन केलं. ती म्हणाली, "काल तू तुझाच प्रोग्राम टाकलास, ते मला आवडलं."

विमानतळाकडे येताना भाड्याची साधी गाडी मी चालवत होतो, ती शेजारी. वळणावर अचानक एक रेनडिअर मधोमध उभं. चाकांखाली एका बाजूला घट्ट बर्फ, दुसरीकडे काळा रस्ता. जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. पायाखाली किंचित गुदगुल्या झाल्या, बस्स. तिला म्हटलं, यातही सुधारणेला वाव आहे, आणि कशी ते बराच वेळ समजावून सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डिटमार, ब्रेकवरचा पाय काढ आता. रेनडिअर कधीच गेलं."